मोडीत जाता जाता वाचलेला हंडा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शेवटची ओरल देऊन, मेसचं बिल भरून, बॅग पाठीला अडकवून घरी पोचलो. आमचं गाव पवन मावळात. अंतर फार नाही, पण शेवटची एस्टी चुकली की पुढचं सगळं देवाच्या भरवशावर, म्हणून तर मी होस्टेलला राहतो. घरी जाऊन बघतो तर पडवीत भांड्यांचा हा ढीग! जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं आणि माळा रिकामा करणं चाललं होतं. घंगाळ, पराती, तपेली, तांबे आणि सगळ्यात मागे एक काळा पडलेला तांब्याचा हंडा. काका म्हणाले, "उद्या मोडीत द्यायचंय सगळं. तांब्याला भाव चांगला आहे."

मी हंडा उचलून उन्हात आणला. खांद्याजवळ, काठाच्या जरा खाली, बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. "नक्षी आहे ती," काका म्हणाले. पण नक्षी सगळीकडून सारखी असते, आणि ही ओळ एका ठिकाणी सुरू होऊन एका ठिकाणी संपत होती. इंजिनिअरिंगला तीन वर्षं काढल्यावर एवढं तरी कळतं, की पॅटर्न रिपीट होत नसेल तर त्यात काहीतरी माहिती असणार. काकांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांचं पुढे सहा महिन्यांचं काम झालं. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. यात कुणाचंही नाव-गाव येणार नाही, कारण "आपल्या घरचं छापायचं न्हाई" असं आजीने बजावलंय. पद्धत मात्र सगळी सांगतो. ती कुठल्याही घराला लागू पडते.

हंडा वाचायचा कसा?

पहिला नियम, घासायचं नाही. चिंच-मीठ किंवा पितळी पावडर लावली की भांडं चकाचक होतं, आणि शंभर वर्षांपूर्वीचे उथळ ठिपकेही त्याबरोबर झिजतात. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. मग अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि ओळ उठून दिसते. किंवा चिमूटभर गव्हाचं पीठ चोळून वरचं पुसून टाका. खाचेतलं पीठ तसंच राहतं. शेवटी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा मिळतो. लहानपणी नाण्याचा काढायचो तसाच.

ठसा मिळाला, पण अक्षरं काही केल्या लागेनात. ना देवनागरी, ना इंग्रजी. ती मोडी होती! मोडीत जाणाऱ्या हंड्यावर मोडी!

आपल्या वर्कशॉपमध्ये एक सर आहेत. त्यांनी हौसेने मोडीचा वर्ग केलेला आहे, हे मला सुट्टी संपल्यावर कळलं. त्यांनी ठसा समोर धरून दहा मिनिटांत चार गोष्टी काढून दिल्या: एका मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि आडनाव, एका गावाचं नाव आणि 'वैशाख शके १८४३'.

शकाचं गणित सोपं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या शेवटच्या महिन्यांत ७९). म्हणजे १८४३ अधिक ७८ बरोबर १९२१. वैशाख म्हणजे साधारण मे महिना. लग्नाचा हंगाम. हा हंडा आंदणाचा होता.

पण अडचण अशी, की त्यावरचं मुलीचं नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं.

आजीची साक्ष

काकांनी लगेच निकाल दिला, "बाजारातून जुना घेतला असेल कुणीतरी." मी आजीला विचारलं. आजी ऐंशीची आहे. तारखा तिला आठवत नाहीत, पण घटना पक्क्या आठवतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना "कोणत्या साली?" असं कधीच विचारू नये. "पानशेत फुटलं तेव्हा तू कुठं होतीस?" असं विचारावं (१२ जुलै १९६१). कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि बहात्तरचा दुष्काळ या आपल्याकडच्या डेटम लाइन्स आहेत. त्यांच्या आधीचं की नंतरचं, एवढं कळलं तरी पुष्कळ. त्याही आधीच्या पिढीकडून ऐकलेलं असेल, तर १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ 'मानमोडी' म्हणून ध्यानात असते.

मी आजीला हंड्यावरचं नाव वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आरं, माझ्या सासूचा भाऊ यायचा न्हवं भाऊबीजेला, तो तिला ह्याच नावानं हाक मारायचा. मला वाटायचं, लाडाचं नाव आसंल. बहात्तरच्या दुष्काळानंतर तो काय आला न्हाई."

पणजीचं नाव लग्नात बदललं होतं. आम्हाला माहीत होतं ते सासरचं. तिचं माहेर कुठलं असं विचारलं की घरात एकच उत्तर असायचं: "तिचं माहेर पाण्यात गेलं." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण कुठल्या पाण्यात, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

कुठल्या पाण्यात?

हंड्यावरचं गाव मुळशी पेट्यातलं निघालं. मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी. टाटांची जलविद्युत केंद्रं आम्ही घडाघडा म्हणतो: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. खोपोलीला तर लोणावळा, वळवण आणि शिरवता या आपल्याच परिसरातल्या तलावांचं पाणी जातं. भिऱ्याला पाणी जातं ते मुळशीच्या धरणातून. या धरणात खोऱ्यातली गावं बुडणार, म्हणून शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यातून. लढा १९२४पर्यंत चालला. धरण मात्र झालंच.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. सत्याग्रह सुरू झाला एप्रिल १९२१मध्ये आणि हंड्यावर आहे वैशाख म्हणजे मे १९२१. गाव राहणार की जाणार हे ठरायचं असताना एका बापाने लेकीचं लग्न करून दिलं आणि आंदणाच्या हंड्यावर गावाचंही नाव कोरून दिलं. मुद्दाम कोरलं की नेहमीची रीत म्हणून, ते आता कोण सांगणार? पण पुढे गाव गेलं आणि आमच्या घरापुरतं त्याचं नाव हंड्यावरच उरलं. भिरा हे माझ्या व्हायव्हाचं उत्तर होतं. ते माझ्या पणजीच्या माहेराचंही उत्तर आहे, हे तोवर मला माहीत नव्हतं.

कागदात बायका कुठे असतात?

मग आम्ही कागदांकडे वळलो. पहिला टप्पा वडगाव, म्हणजे आपल्या तालुक्याचं ठिकाण. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तिथे मिळतात. (बऱ्याच ठिकाणी ते आता स्कॅनही झालेत.) सातबारा सांगतो जमीन कुणाची. फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, सांगतो ती त्याच्याकडे कशी आली: खरेदीने, वाटपाने की वारसाने. वंशावळीसाठी सोनं आहे ते फेरफारात. कारण खातेदार वारला की वारसांची नावं नात्यासकट लिहिली जातात.

जुन्या वारस नोंदींत सहसा मुलगेच भेटतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावं लागायला लागली. आमचे पणजोबा १९६३ साली वारले. त्यांच्या नोंदीत पणजी आहे, सासरच्या नावाने, 'मयताची विधवा' म्हणून. खाली दोन मुलीही आहेत. आणि पुढच्याच एका फेरफाराने त्या दोघींनी हक्क सोडल्याची नोंद आहे. माझ्या दोन आत्याआज्या सरकारी कागदावर पहिल्यांदा भेटल्या त्या अशा, नाव लागलं आणि निघालं. पणजीच्या माहेरचा तर कुठेच पत्ता नाही. सासरचा कागद माहेर कशाला विचारेल?

त्याखेरीज शोधायच्या जागा अशा:

जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४. याला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने सांगितलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे बऱ्याचदा बाळाला नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव.

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती त्यांच्यासाठी बहुतेकदा हाच सर्वांत जुना कागद. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येताच वारले आणि पत्नी अ‍ॅलिस यांनी काम तडीला नेलं, हे पुस्तकांत मिळतं. पण ज्या हजारो मजुरांनी घाट फोडला, त्यांची नावं कुठे? तेव्हा कागद नाही म्हणजे पूर्वज नाहीत असं नव्हे. कागद कुणाचा करायचा हे ज्याच्या हातात होतं, त्याने यांचा केला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जनगणनेचा मात्र उपयोग नाही. आपल्या १९४८च्या कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय असते.

नाशिकची वही

हंड्यावरून आडनाव आणि गाव मिळालं होतं. या दोन गोष्टी हातात असल्या की एक दार उघडतं, तीर्थोपाध्यायांचं. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. कुणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलं की ते त्याचं गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून घेतात आणि खाली त्याची सही किंवा अंगठा. प्रत्येकाची गावं आणि घराणी वाटून घेतलेली असतात. आपण जाऊन "मूळ गाव अमुक, आडनाव तमुक" म्हटलं की माणसं आपल्याला नेमक्या घरी पोचवतात. ही पद्धत भारतभर आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने केलं. कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात हेळवी लोक दारोदार फिरून घराण्यांची वंशावळ सांगतात. तीही अशीच जिवंत नोंद.

बाबा आणि मी दिवाळीनंतर नाशिकला गेलो. बाबांना काही फारसं पटलेलं नव्हतं. "पेट्रोलला पेट्रोल जाणार," एवढंच म्हणाले. गुरुजींनी वही काढली, बोट फिरवत फिरवत थांबले आणि वाचू लागले. शके १८६०, म्हणजे १९३८. एक मुलगा वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. वडिलांचं नाव हंड्यावरचंच, गाव हंड्यावरचंच. आजाचं नाव, भावांची नावं. आणि पुढे, 'पूर्वी मुक्काम अमुक, हल्ली मुक्काम तमुक.' त्या मुलाचं नाव आणि आजीला आठवत असलेल्या भाऊबीजेच्या मामांचं नाव एकच होतं.

बाबा काही बोलले नाहीत. वही परत बंद होईपर्यंत त्या अंगठ्याच्या ठशाकडे बघत राहिले. परतताना पेट्रोलचा विषय निघाला नाही.

आयर्लंडचं उलटं

हे सगळं चालू असताना आयर्लंडबद्दल वाचलं. एकोणिसाव्या शतकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर तिथून लाखो लोक अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेले, आणि आज त्यांची पणतवंडं मूळ गाव शोधत परत येतात. घरातली जुनी अंगठी, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, फोटोच्या मागची ओळ, सुरुवात तिथूनही अशीच होते. पण ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झालं. १८२१ ते १८५१च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. मग लोकांनी पर्याय शोधला: १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी केलेली ग्रिफिथची मोजणी, ज्यात कोणतं घर, कोणती जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते नावानिशी आहे. म्हणजे त्यांचा सातबाराच म्हणा ना! १९०१ आणि १९११ची जनगणना वाचली, आणि ती कुणालाही फुकट बघता येते.

त्यांच्याकडे कागद जळले, पण उरलेले वाचणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे कागद आहेत आणि वाचणारे कमी. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल मोडी कागद आहेत. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा.) त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. हे रियासतकार सरदेसाई राहायचे कुठे? आपल्या कामशेतला! १९५९ साली ते तिथेच वारले. पुण्याच्या लोकलने दर शनिवारी आपण ते स्टेशन बघतो, आणि वडापावापलीकडे त्याचं काही आठवत नाही.

मोडी अवघड नाही, सवयीची आहे. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. म्हणजे आपल्या काही मित्रांच्या उत्तरपत्रिकाच! २०१४ साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळालं. न्या. संदीप शिंदे समिती २०२३ साली नेमल्यावर कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आहे, पुराभिलेखागार आहे. शिकायची इच्छा असेल तर अंतर लोकलने दीड तासाचं.

चुका कुठे होतात?

एक: नावं परत परत येतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत आहे. (आयर्लंडमध्येही थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवत.) त्यामुळे एकच जोडनाव दर दोन पिढ्यांनी भेटतं आणि आपण नातवाला आजोबा समजतो. वर्ष तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोन: कालगणना. महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. 'सीत खमसैन मया व अलफ' म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७५५-५६. 'खमस' म्हणजे पाच आणि 'खमसैन' म्हणजे पन्नास. घाईत वाचलं की पंचेचाळीस वर्षांची चूक!

तीन: एका पुराव्यावर विश्वास नाही. रीडिंग एकदा घेऊन भागत नाही, हे आपण प्रॅक्टिकलला शिकतोच. हंडा, आजीची आठवण आणि नाशिकची वही ही तीन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कारणांनी ठेवलेली रीडिंग्ज होती. ती जुळली, म्हणून आम्ही मानलं.

पुढे काय झालं?

'हल्ली मुक्काम' या दोन शब्दांवरून आम्ही त्या गावात गेलो. पणजीच्या भावाचे नातू भेटले. वय साठीच्या पुढे. बाबांनी ओळख सांगितली तेव्हा म्हणाले, "एक आत्या मावळात दिली होती, एवढंच आम्ही ऐकून. धरणानंतर सगळीच पांगापांग झाली." त्यांच्याकडे आमच्याबद्दल एक वाक्य होतं आणि आमच्याकडे त्यांच्याबद्दल एक वाक्य होतं. उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, तसं काहीतरी त्या दिवशी वर आलं. आजीला फोन लावून दिला. ती पहिल्यांदा बोलली ते असं: "आता भाऊबीजेला यायचं बरं का. लई वर्सं राहिलीत."

वंशावळीच्या आमच्या कागदावर आता पणजीच्या वर तिचा बाप आहे, आजा आहे. तिच्या आईची जागा मात्र रिकामी आहे. वहीत बापे होते, हंड्यावर बाप होता. आईचं नाव कुणी कोरलं नाही.

हंडा नव्या घरात दर्शनी भागात ठेवलाय. काका आता आल्या-गेल्याला स्वतः ओळ वाचून दाखवतात. घासायचा मात्र नाही, असा घरात सक्त नियम आहे.

तर मित्रांनो, सुट्टीला घरी गेलात की फराळाच्या डब्यावर तुटून पडण्याआधी एकदा माळ्यावर चढा. भांड्यांचे काठ बघा, फोटोंच्या मागच्या बाजू बघा. आणि घरात जे सगळ्यांत म्हातारं माणूस असेल त्याच्याजवळ तासभर बसून, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून विचारा: "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?" भांडं माळ्यावर आणखी पन्नास वर्षं थांबेल. उत्तर देणारं माणूस थांबणार नाही.